इंडिपेंडंट आई

"माझी काळजी नको गं, मी अगदी इंडिपेंडंट आहे!" विश्रांतवाडीच्या सत्यशीलाबाईंनी लेकीला फोनवर ठणकावलं. सोसायटीतल्या बायका हल्ली हा शब्द नव्या पाटल्यांसारखा मिरवत. यांनी का मागं राहावं?

टोरांटोहून अपेक्षा म्हणाली, "वा, आई! मग यंदा दिवाळीला नाही आले तर चालेल ना? फार काम आहे गं."

"चालेल की! न चालायला काय झालं?"

फोन ठेवला, आणि चकलीची भाजणी दळायला टाकावी की नाही, हे बाईंना काही केल्या ठरवता येईना.

बोललेला शब्द मागं घेणं पुण्याच्या रीतीत बसत नाही. तेव्हा तो हळूहळू झिजवावा, असं त्यांनी ठरवलं. "बरण्यांची झाकणं हल्ली उघडत नाहीत बाई," असं त्या लेकीला फोनवर सहज बोलून गेल्या. लगेच झाकण उघडायचं यंत्र दारात. "गुडघा कुरकुरतो" म्हणाल्या, तर बाथरूममध्ये धरायला दांडे ठोकणारा माणूस हजर. "एकटीला जेवण जात नाही" म्हणाल्या, तर डबा सुरू. त्यातही आमटी गोडमिट्ट.

शेजारचे दिगंबरपंत आणखी एक खोका आत आणून देत म्हणाले, "अहो, तुमची लेक स्वतःला सोडून सगळं पाठवते की!"

बाई हसल्या. मग बराच वेळ खोका न उघडता बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी येरवड्याहून गोदाबाई आल्या. "अपेक्षाताईंनी पाठवलंय. रोज तुमच्याशी गप्पा मारायच्या. बोला."

"काय बोलू?"

"लेकीबद्दल बोला. मी जाते तिथं समदे तेच बोलतात."

बाई बोलायला लागल्या त्या थांबेचनात. तिला पुरणपोळी दुधात कुस्करून लागते, झोपेत ती पांघरूण लाथाडते, सगळं सगळं. गोदाबाईंनी शांतपणे विचारलं, "हे तिला कधी सांगितलंत?"

त्याच क्षणी बाईंनी लेकीला फोन लावला. "मला काही पाठवू नकोस. तू ये."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आई, मी वाटच बघत होते गं. तू इतकी इंडिपेंडंट, मला कशाला बोलावशील, असं वाटायचं. मीही इंडिपेंडंट आहे, असंच इथं सगळ्यांना सांगते. परवा ताप आला, तर माझ्या कपाळाला मीच हात लावून बघितला."

बाईंचा आवाज मात्र नेहमीसारखाच कडक निघाला.

"आज काय खाल्लंस?"

"ब्रेड."

"आणि काल?"

"ब्रेडच."

"मग आता वाट कसली बघतेस? काढ तिकीट!"