नलूताई रस्ता निवडतात

नलूताई कुठल्याही गल्लीत सरळ शिरत नाहीत. तोंडाशी थांबतात, कपाळावर आडवा हात धरतात आणि वांगं किडकं आहे का बघावं तशी ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखतात. मग एकतर "चालंल" म्हणून पाऊल टाकतात, नाहीतर "नक्को" म्हणून पुढच्या गल्लीकडे वळतात. बरोबरच्या माणसानं तोवर पिशव्या सांभाळत उभं राहायचं.

हे बरोबरचं माणूस म्हणजे बहुधा मी. पुण्याहून नोकरीसाठी हैदराबादला आले आणि तारनाक्याला त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं. दारावरची मराठी पाटी वाचून त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादचंच. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून जन्म काढला. लग्न केलं नाही. एक भाऊ होता, तो गेला. त्यांचं वाक्य मराठीत निघतं, वाटेत दखनीला भेटतं आणि तेलुगूत, एखाद्या 'कदा'वर म्हणजे आपल्या 'ना'वर, उतरतं. "बोलायला माणूस मिळालं, अच्छा झालं कदा," असं म्हणून त्यांनी मला भाजी आणायला बरोबर घेतलं.

मंडई दहा मिनिटांवर. सरळ रस्त्याला रुंद, नवा फूटपाथ, नक्षीची फरशी, कडुनिंबाची सावली. एका बाजूला कुठल्याशा संस्थेची लांबलचक भिंत, दुसरीकडे काचेच्या इमारती. नलूताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, नक्को. मग जिथनं नेलं तिथं फूटपाथ नावालाही नव्हता. गटारावरची एक लादी गायब, मध्ये बांधलेली शेळी, अंगावर येणाऱ्या स्कूटर. पस्तीस मिनिटं लागली. परतताना मी त्यांना फूटपाथचे फायदे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू फरशी बघतीस," त्या म्हणाल्या. "मी रस्ता भरलेला आहे का ते बघते."

भरलेला म्हणजे गर्दीचा असं मला वाटलं. म्हणून एका रविवारी त्यांना माणसांनी फुललेल्या रस्त्याशी आणून उभं केलं. तोही नापास. ही सगळी जाणारी माणसं, म्हणाल्या, बसलेलं कोण आहे? त्यांच्या पसंतीच्या गल्लीत छत्रीखाली टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करणारे एक मियाँ होते, इस्त्रीवालं जोडपं होतं आणि पायरीवर चिंच निवडणारी एक तेलुगू आजी. प्रत्येकापाशी नलूताई चाल जरा मंद करून खाकरायच्या. तो मान वर करायचा. की ह्या पुढं. इतक्या वर्षांच्या ओळखीत बोलत कशा नाहीत, असं मी विचारलं, तर ओळख नव्हतीच. एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

आमच्या इमारतीत याबद्दल दोन मतं होती. तळमजल्याचे रेड्डी म्हणायचे, कुत्र्यांची भीती. वॉचमन म्हणायचा, वास्तुशास्त्र.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे बँकेत जाऊन दाखवावं लागतं. त्या दिवशी आम्हाला उशीर झाला होता, म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच सरळ रस्त्यानं नेलं. भिंतीच्या मध्यावर त्या थांबल्या.

"इथंच पडले होते मी," त्यांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाय मुरगळला, उठता येईना, म्हणून भिंतीला टेकून बसल्या. गाड्या जात होत्या. कानात वायरी घातलेली दोन मुलं अगदी जवळून गेली. म्हातारी दम खात बसलीय असं वाटलं असंल त्यांना, चूक नाही त्यांची, असंही त्या म्हणाल्या. तासाभरानं झाडाच्या कठड्याला धरून आपल्या आपण उठल्या.

हाक का नाही मारली, मी विचारलं.

"कोणाला मारायची?"

बँकेतल्या यंत्रावर त्यांचा अंगठा तीनदा उमटला नाही. चौथ्यांदा उमटला. "झालं कदा?" त्यांनी कारकुनाला दोन वेळा विचारून खात्री करून घेतली.

जानेवारीत मी आठवडाभर पुण्याला गेले. परतल्यावर भाजी आणायला त्याच गल्लीतून निघाले होते, तर घड्याळवाल्या मियाँनी डोळ्याचं भिंग काढलं आणि मला हाक मारली.

"वो लंबे अम्मा दिखरे नैं," ते म्हणाले. "तीन दिन हो गए."

पलीकडून चिंचवाली आजीही तेलुगूत काहीतरी विचारू लागली. शब्द कळले नाहीत, पण हात डोक्याच्या वर धरून ती नलूताईंची उंची दाखवत होती.

मी भाजी न घेताच परत फिरले. नलूताईंनी दार उघडायला बराच वेळ लावला. अंगावर शाल, अंग तापलेलं. कोणाला कळवलं नव्हतं. मी डॉक्टरांना बोलावलं, तांदळाची पेज केली आणि ती पीत असताना गल्लीतलं सगळं सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"किती दिवस म्हणाला?"

"तीन."

"चार झाले," त्या म्हणाल्या.

पेज निवून गेली. शेवटी त्यांनी मला सगळं परत सांगायला लावलं, त्यानं भिंग काढलं तिथपासून.