सुधाकर भाऊजी आणि सनमायकाचा ओटा

आमचे सुधाकर भाऊजी कुणाकडे गेले की पाणी मागत नाहीत, बसत नाहीत. चपला काढल्या की पहिला प्रश्न, "ओटा कुठंय?" घरची बाई बाहेर येईपर्यंत हे स्वयंपाकघरात शिरलेले असतात. ओट्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात, वर एक टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. आवाज पोकळ आला की चेहरा असा खुलतो की विचारू नका. मग ठरलेलं वाक्य येतं. "काही टाकायचं नाही. एक हात मारला की नवा."

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकांना हसू येतं, कारण लोकांना त्या ओट्यावर पोळ्या लाटायच्या नसतात.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सातपूरच्या एका कारखान्यात पेंट शॉपला. दिवसभर मशिनांना रंग मारायचा आणि घरी येऊन माझ्या डोक्याला ताप द्यायचा. लग्न झालं नाही. का झालं नाही, याची प्रत्येक नातेवाइकाकडे वेगळी हकीकत आहे, मी त्यात पडत नाही. आमचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच. एका खोलीत आम्ही दोघं, एकीत मुलं आणि सासूबाई, आणि भाऊजी स्वयंपाकघरात. ओट्याखाली त्यांची पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. माझी भांडी आवरली की वळकटी उलगडायची, आणि सकाळी मी चहाला उठायच्या आत गुंडाळलेली असायची. ह्या बाबतीत माणसाला नाव ठेवायला जागा नाही. बाकी जागाच जागा.

आता ओट्याचं सांगते. अख्ख्या कॉलनीत कडाप्पा, आणि आमच्याकडे सनमायका. ही सासूबाईंची हौस. कुणा साहेबाच्या बंगल्यात त्यांनी तसा ओटा पाहिला आणि हट्टाने प्लायवूडचा करून घेतला, वर लाकडी रेघांचा सनमायका. गॅसखाली तेवढी फरशी. बायका बघायला यायच्या म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर त्याच्या कडा उचलल्या होत्या, नळाजवळ तो पुरीसारखा फुगला होता, आणि मधोमध कुठल्याशा दिवाळीतल्या कढईचा काळा गोल होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण ती हौस रोज पुसावी लागते सुनेला.

भाऊजींनी त्या ओट्याचा विडाच उचलला होता. सनमायका फुगला की आईचं जुनं लुगडं वर घालायचं, त्यावरून कपड्यांची इस्त्री फिरवायची, आतलं चिकटवलेलं सोल्यूशन नरम झालं की वर पाटा आणि वरवंटा ठेवून द्यायचा. पाटा तिथं म्हणजे चटणी वाटायची कशावर? "आजच्या दिवस भागवा वहिनी, उद्या ओटा बसलेला असेल." ओटा बसायचा, आणि महिन्याभरात पुन्हा उठायचा. इस्त्री मात्र कायमची बिघडली. ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा डाग पडला तो त्याच इस्त्रीचा.

मग तुकड्यांचं पर्व आलं. हार्डवेअरच्या दुकानात सनमायकाचे नमुने असतात ना, हातभर नाही, वितीएवढे तुकडे, साखळीत ओवलेले. डिझाइन जुनी झाली की दुकानदार ते फेकून देतो. आमच्या भाऊजींनी ते आणले आणि जळक्या जागी, फुटक्या जागी चिकटवले. एक निळा, एक संगमरवरासारखा, एकावर गुलाबाची फुलं. त्यातही प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात साखळीचं भोक. त्या भोकांत रवा जायचा, साखर जायची, आणि मागोमाग मुंग्यांची रांग. मी बोंब मारली तर भाऊजींनी सगळी भोकं लांबी भरून बुजवली. ती लांबी पोळीला लागून मुलांच्या पोटात गेली असेल ती वेगळीच. सासूबाई मात्र खुर्चीवर बसून कौतुकाने बघायच्या. म्हणायच्या, "सुध्याचा हात चांगला आहे." मी दात-ओठ खायचे.

सासूबाई गेल्या. वर्ष सरलं, आणि मी ह्यांना स्पष्ट सांगितलं की आता मला ग्रॅनाइट हवा. तेव्हा घरोघरी ग्रॅनाइटचं वेड शिरलेलं होतं. हे हो म्हणाले. भाऊजी जेवून उठले, ओट्याजवळ गेले, नख फिरवलं आणि म्हणाले, "मला एकदा बघू द्या वहिनी. एकच हात."

ह्या सगळ्यात भर आमच्या मोठ्या ताईंची. ताई म्हणजे माझी थोरली नणंद, पिंपळगाव बसवंतला दिलेली. द्राक्षांचं पॅकिंग, दोन टेम्पो, आणि सगळ्यांच्या संसाराची काळजी. बाई मनाने वाईट नाहीत. पण सासूबाई गेल्यापासून त्यांनी एक विषय धरला होता. आमची मुलगी दहावीला आली, अभ्यासाला जागा नाही, सुध्याने आता स्वतःची खोली बघावी, किती दिवस भावाच्या स्वयंपाकघरात पथारी टाकणार. हे सगळं भाऊजींच्या देखत, चहा पिता पिता. भाऊजी मान हलवायचे आणि उठून नळाचा वॉशर बदलायला लागायचे. हे वर्तमानपत्रात तोंड घालायचे. मला सगळ्यांचाच राग यायचा. माझ्या स्वयंपाकघरात कुणी झोपायचं ते मला कुणीच विचारत नव्हतं.

पितृपक्षात सासूबाईंची तिथी होती. ताई, त्यांचे यजमान, आणखी दोन-चार पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मी मंडईतून गवार, भोपळा, अळूची पानं घेऊन आले आणि दारातच थबकले. डोळ्यांतून पाणी यावं असा वास. आत भाऊजी, तोंडाला रुमाल बांधून, गुडघ्यावर बसलेले. आणि ओटा हिरवागार. अख्खा. गुलाब, संगमरवर, लाकडी रेघा, सगळं गडप. कारखान्यात लेथ मशिनला मारतात तो हिरवा रंग, डब्याच्या तळाशी उरलेला, साहेबांना विचारून आणलेला.

"ताई येणार ना," ते म्हणाले. "आईचा ओटा चांगला दिसायला पाहिजे. सकाळपर्यंत खडखडीत वाळतो."

भाद्रपदाच्या दमट हवेत काय वाळतो कपाळ. सकाळी मी परात ठेवली ती उचलेना. जोर लावून ओढली तर परातीच्या बुडाला ओट्याची साल चिकटून आली. वड्याचं पीठ भिजवलं, त्याला वास. खीर ढवळली, तिला वास. माझे दोन्ही तळहात हिरवे. बाहेर अंगणात चूल मांडावी तर पावसाची भुरभुर. माझ्या तोंडाचा पट्टा सकाळपासून जो सुटला होता तो थांबलाच नाही. भाऊजी निमूटपणे मला गवार निवडून देत होते.

बारा वाजून गेले तसं पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळे आले. आमच्याकडे कावळ्यांना तोटा नाही. एक आला, मान वाकडी केली, उडाला. दुसरा आला, चोच खाली नेली, मागे सरकला आणि उडाला. पाहुणे गच्चीवर तिष्ठत उभे. मग सुरू झाली वचनं. ह्यांनी हात जोडून तंबाखू सोडतो म्हणून सांगितलं. ताईंचे यजमान म्हणाले, दरवर्षी अन्नदान करीन. कावळे पलीकडच्या टाकीवर बसून बघत राहिले. मी म्हणाले, सगळ्या जेवणाला रंगाचा वास मारतोय, कावळा काय वेडा आहे? ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अभद्रच बोलले. म्हणाल्या, आईची इच्छा राहिली आहे, आणि ती काय आहे ते मला ठाऊक आहे.

एवढ्यात भाऊजी दिसेनासे झाले होते. पुन्हा वर आले ते टॉवेलात काहीतरी धरून. पानाला मुंग्या लागल्यात म्हणाले, आमच्याकडे पाठ करून पानाशी वाकले, जरा खुडबुड केली आणि बाजूला झाले. ताईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या पदर डोक्यावर घेऊन पुढे झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आई, तुझा जीव सुध्यात अडकलाय. काळजी करू नको. महिन्याभरात त्याला वेगळी खोली करून देते, त्याचं त्याला मार्गी लावते. आता जेव."

आणि मेला कावळा आला. सरळ पानावर उतरला, भाताचा घास उचलला, मग दुसरा, मग काव काव करून सगळं गणगोत बोलावलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी. पाहुण्यांनी हात जोडले. झालं, निकाल लागला. आता ह्यावर कोण काय बोलणार? साक्षात आईनेच सांगितलं.

जिना उतरेपर्यंत ताईंचं ठरलंसुद्धा होतं. देवळाली कॅम्पात त्यांच्या ओळखीच्यांची एक खोली रिकामी होती. तिथून सातपूरला बस मिळते. हे म्हणाले, बघू. भाऊजी म्हणाले, बरं. मी पानं मांडायला स्वयंपाकघरात गेले तर भाऊजी ओट्याखालून ट्रंक ओढत होते, ओला रंग खरवडला जाऊ नये म्हणून जपून, वाकून. मी विचारलं, आत्ता लगेच कशाला? तर म्हणाले, ताई गाडी घेऊन आल्यात, सामान परस्पर जाईल.

तेवढ्यात दारात शेजारच्या खैरनार वहिनी. सटाण्याकडच्या. त्यांना त्यांचं पातेलं हवं होतं. मी म्हटलं, कुठलं पातेलं? तर म्हणाल्या, मघाशी तुमचे दीर धावत आले ना, साधा भात आणि दही मागून घेऊन गेले. कुणासाठी विचारलं तर म्हणाले, आईला पाहिजे.

मला क्षणभर काही कळेना. आणि मग कळलं तशी मी ते पातेलं शोधलं, टॉवेलात गुंडाळलेलं मोरीपाशी होतं, आणि ते हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. पाहुणे बसले होते, बसू देत.

"ताई, कावळा तुमच्या वचनाला शिवला नाही. शेजारच्या भाताला शिवला. आपलं पान भाऊजींनी बदललं."

भाऊजी माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले होते. ताईंनी विचारलं, "खरं का रे सुध्या?"

"आई उपाशी गेली असती ना," ते म्हणाले. "मला वास येत नाही, ताई. पेंट शॉपमध्ये नाक कधीच गेलं. पण वहिनी सकाळपासून ओरडतायत, म्हणजे येत असणार."

ताई म्हणाल्या, मग मी वचन दिलं तेव्हा बोलला का नाहीस? भाऊजींनी खाली बघितलं. हिरव्या नखांनी टॉवेलाचं टोक कुरतडत होते.

"भात मीच ठेवला होता. पण कावळा तुझं बोलणं होईपर्यंत आला नाही ना. म्हटलं, आईचीही तीच इच्छा असेल."

बाई गं. मला असा संताप आला. ताईंचा आला, गप्प बसलेल्या नवऱ्याचा आला, टाकीवरून बघणाऱ्या त्या कावळ्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त ह्या माणसाचा, ज्याला अडाण्यासारखं एवढंच वाटलं की आपल्या आईनेसुद्धा आपल्याला जा म्हटलं. मी सांगितलं की हे घर मी कावळ्यांना विचारून चालवत नाही. ज्या आईने तो भिकार ओटा जन्मभर मोडू दिला नाही, ती पोराला घराबाहेर काढेल काय? ट्रंक जिथं होती तिथं ठेवा. ग्रॅनाइट येईल तेव्हा येईल, त्याच्याखालीही जागा असते. ताईंनी पदराने डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, सुध्या, मला वाटलं तुझं बरं होईल.

भाऊजी त्यांच्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. पन्नाशीला टेकलेला माणूस, आईच्या तिथीला, आईच्याच घरात.

"म्हणजे राहू ना, वहिनी?"

मी पातेलं खैरनार वहिनींच्या हातात दिलं, आत गेले आणि पहिलं पान वाढलं. तेच वडे, तीच खीर.

"बसा," मी ओरडले.

ते बसले. चार वडे खाल्ले, खीर दोनदा मागून घेतली, आणि मान वर न करता म्हणाले, "काही वास येत नाही हो वहिनी. आईच्या हातची चव आहे."