अकरा शालींचा धावपटू

अंबानगरी महामॅरेथॉनचा मार्ग दहा किलोमीटरचा होता आणि त्यावर अकरा ठिकाणी स्वागत होतं. खरी मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची असते, असं एका मास्तरांनी आयोजकांना लेखी कळवलं होतं. आयोजकांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. तेवढ्या लांबीला पुरतील इतके इच्छुक अमरावतीत होते, मांडव मात्र नव्हते. म्हणून दहा.

इच्छुक म्हणजे निवडणुकीचे. निवडणूक केव्हा लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसल्यानं हे लोक बाराही महिने इच्छुक असतात, आणि इच्छुक माणसाला समोरून कोणी रिकाम्या गळ्यानं गेलेलं पाहवत नाही. प्रत्येकानं आपापल्या वॉर्डाच्या तोंडाशी मांडव टाकला होता. पद्धत सुटसुटीत होती. जो धावपटू सगळ्यांच्या पुढं येईल त्याला थांबवायचं, शाल पांघरायची, नारळ द्यायचा, हार घालायचा, फोटो काढायचा आणि मग इच्छुकानं दोन शब्द बोलायचे. दोन शब्द किती वेळ चालतात, हे त्याला माइक किती महिन्यांनी मिळाला त्यावर अवलंबून.

या पद्धतीचा एक छोटासा परिणाम होता. जो जोरात धावायचा तो मागं राहायचा.

शेंदूरजनाघाटच्या किशोर खेरड्याची पोरगी अपेक्षा मागच्या वर्षी याच परिणामात सापडली. पोरगी म्हणजे वाराच. पोलीस भरतीची तयारी करणारे पोट्टे तिच्या मागून जीभ बाहेर काढून यायचे. पण ती पहिल्या मांडवात पहिली आली, तिला धरलं. सुटली, सगळ्यांना मागं टाकून पुढच्या मांडवात पुन्हा पहिली आली, पुन्हा धरलं. शेवटी ती मैदानात पोचली तेव्हा मान दिसत नव्हती इतके हार होते आणि मंडपवाला खुर्च्या आवरत होता. पहिला नंबर एका रिटायर काकांना मिळाला होता. ते दूध आणायला निघाले होते.

यंदा मात्र गोष्ट दुधावारी जाऊ देण्यासारखी नव्हती. अकोल्याच्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रानं या स्पर्धेतल्या पहिल्या येणाऱ्याला थेट प्रवेश जाहीर केला होता. राहणं, खाणं, बूट, पक्का ट्रॅक आणि शिकवायला खरा कोच. समानतेचं धोरण म्हणून मुलामुलींना मिळून एकच जागा ठेवली होती. अपेक्षा वर्षभर वरूड रोडवर संत्र्याच्या ट्रकांची हवा खात धावली ती याच जागेसाठी.

"बाबा, म्या जोरात पळू का हळू पळू तेच समजून नाई राहिलं," ती आदल्या दिवशी म्हणाली. "जोरात पळली तं धरते. हळू पळली तं हरते."

किशोर संत्र्याच्या व्यापारातला माणूस. वरच्या थरात रसरशीत फळ अन् खाली भगवान जाणे, ही कला त्याच्या हातात पिढीजात होती. तो मिशीत हसला. "पुढच्यालेच धरते ना ते?"

"हाव."

"मंग तुह्या पुढं मी राहतो. सत्कार मी घेतो, तू निंघून जाजो."

त्याची बायको शकुन भाकरी थापता थापता थांबली. "तुमी? चक्कीवर जाता तं वाटेत दोनदा बसता!"

"अवं, धावतो कोण? गोपालची गाडी हाय ना."

गोपाल हा किशोरचा अमरावतीच्या फळबाजारातला अडत्या मित्र. किशोरजवळ स्पर्धेचा नंबर आधीच होता, कारण नाव नोंदवलं की टी-शर्ट फुकट होता. अर्ध्या शहराजवळ नंबर होता.

सकाळी नेहरू मैदानावर आयोजन समितीचे अध्यक्ष केशवराव यांनी बंदूक उडवली. कबुतरं उडाली. माणूस एकही हलला नाही.

मागच्या वर्षीचा अनुभव सगळ्यांच्याच गाठीशी होता. कोणी वाकून बुटाची नाडी बांधत होता, कोणी बांधलेली सोडत होता. "तुमी व्हा ना पुढं." "नाई नाई, तुमी मोठे." "अहो, पाहुणे तुमी, अकोल्याहून आले." इतकी माणुसकी त्या मैदानावर याआधी कधी दिसली नव्हती. केशवरावांनी पुन्हा बंदूक भरली. तेवढ्यात गर्दी फोडून पोट सांभाळत एक गोल माणूस पुढं निघाला आणि दिंडीदरवाजातून बैल निसटावा तसा सुटला. बाकीच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्या मागं धावायला सुरुवात केली.

पहिला मांडव वळणावरच होता. किशोर आपण होऊन त्यात घुसला, मान पुढं केली आणि म्हणाला, "घाला."

शाल पडली. फोटोसाठी सगळे कार्यकर्ते रस्ता सोडून मांडवात आले. त्यांच्या पाठीमागून अपेक्षा सूं करून निघून गेली. कोणी पाहिलं नाही. पुढचा माणूस सापडल्यावर मागच्याकडं पाहायची आपल्याकडं पद्धत नाही.

दोन शब्द संपताच किशोर बोळीत शिरला. गोपाल गाडी चालू ठेवून उभाच होता, मागं संत्र्याचं रिकामं कॅरेट बांधलेलं. शाल, नारळ, हार कॅरेटमध्ये. पंचवीस वर्षं मालाच्या गाड्या घेऊन येणाऱ्या किशोरला या शहरातली प्रत्येक बोळ पाठ होती. राजकमल चौकातल्या दुसऱ्या मांडवाआधी तो पोरीच्या पुढं होता.

तिसऱ्या मांडवावर मात्र घोळ झाला. स्वागत समन्वयक विपुल रस्त्यातच उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा, आणि त्यानं किशोरला गाडीवरून उतरताना स्वच्छ पाहिलं.

"काका, तुमी गाडीवर?"

किशोरनं डोळ्याची पापणी हलू दिली नाही. "मंग का करू? तुमचे दादासाहेब शाल घेऊन उनात उभे. मी धावत आलो असतो तं त्याईले अजून अर्धा तास उभं राहा लागलं असतं. मले काही मान-मर्यादा हाय का नाई?"

विपुलचा चेहरा बदलला. त्यानं भोंगा तोंडाला लावला. "आपले आघाडीचे धावपटू, वेळेचं महत्त्व जाणणारे किशोरभाऊ यांचं आगमन झालेलं आहे! इतरांनी आदर्श घ्यावा!"

आणि पुढच्या सगळ्या मांडवांना फोन गेले की यंदाचा पहिला माणूस वेळेवर येतो, तयार राहा.

पाचव्या मांडवावर किशोरसाठी फुलांनी सजवलेली उघडी जीप उभी होती. एवढा मोठा धावपटू कोणाच्या गाडीवर मागं बसून जातो हे शहराला शोभत नाही, असं समितीचं मत पडलं होतं. सहाव्यापासून जीपच्या पुढं डीजे लागला. धावणाऱ्यांना बाजूनं जायला सांगण्यात आलं, कारण विजेत्याला रस्ता पाहिजे होता. गोपाल कॅरेट घेऊन मागून येत होता. कॅरेट भरल्यावर त्यानं नारळ हँडलला टांगले.

सुरुवातीला किशोर प्रत्येक मांडवात मान तिरपी करून पोरगी गेली का ते पाहायचा. ती गेली की डोळा मिचकवायचा. सातव्यात त्याला भाषण करायला लावलं. त्यानं रोज पहाटे उठून धावण्याचे फायदे सांगितले, गुडघ्याची काळजी कशी घ्यावी ते सांगितलं, आणि टाळ्या इतक्या पडल्या की पोरगी केव्हा गेली ते पाहायचं राहिलं. आठव्यात शाल जरा पातळ निघाली.

"काहून भाऊ," तो इच्छुकाला हळूच म्हणाला, "राजापेठच्या मांडवात तं जरीकाठाची देल्ली."

नवव्यात बॅनरवर त्याचं नाव नव्हतं. तो जीपमधून उतरलाच नाही. नाव खडूनं लिहिल्यावर उतरला. हे सगळं पोरीसाठी चाललं आहे, असं तो मनात म्हणत होता, पण आता दर मांडवाला एकदाच म्हणत होता.

अपेक्षा पहिली आली.

ती नेहरू मैदानावर पोचली तेव्हा तिच्या मागं चिटपाखरू नव्हतं, आणि पुढंही नव्हतं. फीत धरणारे दोघं अकराव्या मांडवातल्या फोटोत जागा मिळवायला गेले होते. फीत जमिनीवर पडली होती. तिच्यावर एक कुत्रं बसलं होतं. पायातल्या चिपची वेळ टिपणारं यंत्र होतं, पण त्याचा जनरेटर डीजेला लावला होता आणि डीजे जीपसोबत होता. अपेक्षा कुत्र्याला ओलांडून गेली आणि गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. पोहे अजून फोडणीत होते.

बऱ्याच वेळानं जीप आली. फीत झटकून ताणण्यात आली. किशोर धावत जाऊन छातीनं ती तोडणार तोच केशवरावांनी त्याचा हात धरला आणि तबकातली कात्री पुढं केली. विजेत्यानं फीत कापली. टाळ्या.

मग किशोरला भान आलं. त्यानं माइक घेतला. "थांबा, थांबा! पहिली ही आली. अपेक्षा. माही पोरगी. मी तं धावलोच नाई!"

केशवराव अपेक्षाकडं वळले. आवाज बापासारखा. "बेटा, तुझा सत्कार कुठे कुठे झाला?"

"कुठीच नाई. मी थांबलीच नाई."

"मग तू आलीस कोणत्या रस्त्यानं?"

"याच रस्त्यानं."

"पुरावा?" केशवरावांनी यंदाच घातलेला नियम सात उघडला. प्रत्येक स्वागत केंद्र हेच तपासणी केंद्र समजण्यात येईल आणि सत्कार स्वीकारल्याशिवाय धावपटू तिथून गेला असं मानण्यात येणार नाही. "यांच्याजवळ अकरा शाली आहेत. तुझ्याजवळ?"

अपेक्षानं घामेजलेले हात पुढं केले. हात रिकामे होते.

"अहो, मी गाडीवर आलो ना!" किशोर ओरडला. "हा गोपाल इचारा! विपुलनं पाह्यलं! जीप तं तुमचीच होती!"

केशवरावांचे डोळे पाणावले. "पाहा," ते माइकवर म्हणाले, "पाहा हा विनम्रपणा! नाहीतर आजकाल चार पावलं चालणारा म्हणतो मी धावलो. हा माणूस दहा किलोमीटर आला आणि म्हणतो, मी धावलोच नाही!"

विनम्रपणाबद्दल बारावी शाल देण्यात आली.

"बरं, मंग ते अकोल्याची जागा पोरीच्या नावानं करा," किशोरनं हात जोडले. "माह्या जागी तिले पाठवा. माहं वय पाहा, पोट पाहा!"

"सत्कार हस्तांतरणीय नाही," केशवराव खेदानं म्हणाले. "आणि वयाची अट खेळाडूंना आहे, मान्यवरांना नाही." मग जरा विचार करून त्यांनी अपेक्षालाही एक गुलाबाचं फूल दिलं. विजेत्याची कन्या म्हणून.

परतीच्या गाडीत शाली अपेक्षाच्या मांडीवर होत्या. मोर्शी मागं पडल्यावर अपेक्षानं मांडीवरचा शालींचा ढीग बाजूला केला. "बाबा, नवव्या मांडवात मी तुमाले हाक मारली होती. तिथं त्याईनं रस्त्यावर दोर लावला होता, मी खालून वाकून निंघाली. तुमी खडूनं नाव लिवून घेऊन राहिले होते."

किशोर खिडकीतून बागा पाहत राहिला. संत्र्याचा आंबिया बहार चांगला धरला होता. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अजून उजाडलं नव्हतं तेव्हा ती बूट घालून वरूड रोडला लागली. किशोरनं गाडी काढली. ती वळून म्हणाली, "येता तं या. पण मांगं राहा."

तो मागं राहिला.

तरी एक वाट शिल्लक होती. समिती लोकशाही मानणारी होती. तिनं किशोरचा बारा शालींतला फोटो गावोगावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं: 'महामॅरेथॉनचे विजेते. निकालावर कोणाची हरकत असल्यास तीन दिवसांत इथेच कळवावी. हरकत नसल्यास अंगठा द्यावा. दहा हरकती आल्यास फेरविचार करण्यात येईल.' किशोरनं लगेच लिहिलं: 'हरकत हाय. मी धावलो नाई, माही पोरगी धावली, मी गाडीवर होतो.' त्याच्या खाली अभिनंदन आलं. मग पुष्पगुच्छ आला. मग 'ग्रेट भाऊ'. मग कोणीतरी शुभ सकाळ टाकली, तिचंही तिघांनी अभिनंदन केलं. शकुनच्या भावानं दोन अंगठे दिले. किशोरनं पुन्हा हरकत घेतली, पुन्हा पुष्पगुच्छ आले. तीन दिवसांनी समितीनं जाहीर केलं की हरकती शून्य. किशोरच्या हरकती 'विजेत्याचे मनोगत' या सदरात घेण्यात आल्या होत्या.

किशोर काही अकोल्याला गेला नाही. केंद्रानं ती जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही, तो विजेत्याचा अपमान झाला असता. तिथं एक खाट सन्मानपूर्वक रिकामी आहे. तिच्यावर शाल घातली आहे.

अपेक्षा अजूनही कधी कधी तो फोटो उघडून अंगठे खाली खाली सरकवत पाहते. एकेक नाव वाचते. बहुतेक नावं तिच्या ओळखीची नाहीत. तुमचंही तिच्या ओळखीचं नव्हतं. तुम्ही त्या दिवशी घाईत होता, फोटोखाली काय लिहिलं आहे ते वाचायला वेळ नव्हता, आणि नुसता अंगठा द्यायचा म्हणजे काय, हरकत तर काही नव्हती.