जानराव वीकली ऑफला वारले

रुआबांध्याच्या कामगार वसाहतीत राहणाऱ्या खुशबू जानराव रामटेके हिच्या आयुष्यात आजतागायत एकही संकट आलेलं नाही, ही गंभीर बाब मागच्या हिवाळ्यात निदर्शनास आली. ती निदर्शनास आणली शुभंकर सरांनी. मॅनेजमेंटच्या मोठ्या संस्थेत जायचं तर परीक्षेतले गुण पुरत नाहीत, सोबत एक निबंध लागतो. तो कसा असावा हे सांगणारं सरांचं कार्यालय सुपेल्यात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. विषय संस्थेनंच दिला होता : ‘तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट आणि त्यातून घडलेलं तुमचं नेतृत्व.’

खुशबूनं निबंध स्वतः लिहून नेला होता. इंजिनिअरिंगनंतर ती रायपूरकडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायची. तिथे लागेल तो सुटा भाग कधी वेळेवर सापडत नसे. तिनं सगळं स्टोअर नव्यानं लावलं, श्रेय साहेबांनी घेतलं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये ती उभी राहून म्हणाली की हे काम माझं आहे. म्हणताना तिचे पाय लटपटत होते, तेही तिनं लिहिलं होतं. निबंध खरा होता आणि तिचा स्वतःचा होता, म्हणजे दोन दोष तिथेच निघाले. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला, कागद पालथा ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, इसमें कोई मरता नहीं है.”

खुशबूला ती जागा मनापासून हवी होती. ज्या मीटिंगमध्ये पाय लटपटतात, त्या मीटिंगच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत एकदा बसून पाहायचं, एवढीच तिची इच्छा होती.

तिचे वडील जानराव रामटेके पोलादाच्या प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये आहेत आणि तिथल्या क्वालिटी सर्कलचे जुने सभासद आहेत. क्वालिटी सर्कल म्हणजे कामगारांनी गोल बसायचं, मशीन का बिघडली हे शोधायचं आणि त्याचं सादरीकरण करून बक्षीस आणायचं. रामटेकेंच्या घरातले थर्मास, भिंतीवरचं घड्याळ आणि चादरी या मार्गानं आलेल्या आहेत. सर्कलमध्ये सुटला नाही असा प्रश्न जानरावांनी अजून पाहिलेला नव्हता. त्यांनी त्याच रविवारी घरात सर्कल बसवलं आणि मार्गदर्शनासाठी शेजारच्या क्वार्टरमधल्या टिकारामला बोलावलं. टिकाराम त्यांच्याच मिलमधला, त्यांच्याच सर्कलमधला. त्यानं पद्धतशीरपणे ‘का-का विश्लेषण’ सुरू केलं. त्यात उत्तर मिळालं की त्यालाच पुन्हा ‘का’ विचारायचं असतं, मूळ कारण हाती लागेपर्यंत.

“निबंधात दुःख नाही. कावून नाही?”

“पोरीले दुःखच नाही तं लिहीन काय?” खुशबूची आई शालूताई म्हणाल्या.

“दुःख कावून नाही?”

“क्वार्टर आहे, दवाखाना आहे, चांगली शाळा भेटली.”

“हे सारं कावून भेटलं?”

“माही नोकरी पर्मनंट,” जानराव म्हणाले. “आयटीआय केलं म्हणून लागलो.”

“आयटीआय कावून केलं?”

“बाबानं शिकवलं म्हणून. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत गोटे फोडले त्यानं जल्मभर. पण मले त्या खाणीच्या वाटेनं येऊ नाही देल्लं.”

टिकारामनं शेवटच्या उत्तराभोवती पेन्सिलीनं गोल केला. मूळ कारण सापडलं होतं. खुशबूच्या प्रवेशात तिचे आजोबा आडवे आले होते. त्यांनी शिकवण्याचा हट्ट धरला नसता तर मुलगी आज ऐन मोक्याच्या वेळी संकटांनी समृद्ध असती.

जानरावांना हे लागलं. लागण्यासारखंच होतं. दोन पिढ्यांनी मिळून दुःख घराबाहेर काढलं आणि आता संस्था तेच अर्जासोबत जोडायला मागत होती. पण माणूस सर्कलचा, त्यामुळे त्यांनी उपायही लगेच शोधला. दुसऱ्याच दिवशी ते मुलीबरोबर सुपेल्याला गेले आणि सरांना म्हणाले की माझ्या बापाचं दुःख घ्या, भरपूर आहे. गावात विहिरीवर पाणी मिळालं नाही तिथपासून खाणीतल्या धुळीनं छाती भरली तिथपर्यंत सगळं खरं आहे. सरांनी आदरपूर्वक ऐकून घेतलं आणि खेदानं कळवलं की सेकंड हॅण्ड दुःख संस्था स्वीकारत नाही. दुःख उमेदवाराच्या नावावर असावं लागतं.

तेव्हा दुरुस्ती जानरावांवरच करायची ठरली. पहिल्या मसुद्यात ते पर्मनंटचे ठेकेदारीवर आले. दुसऱ्यात तेही काम गेलं. सरांचं समाधान होईना. बेकार बाप आजकाल सगळेच लिहितात, त्याला काहीतरी जोड हवी, असं ते म्हणाले. जोड म्हणून त्यांनी दारू सुचवली.

जानराव बुद्धविहार कमिटीचे सचिव आहेत. पंचशील ते फक्त म्हणत नाहीत, पाळतात. ते खुर्चीवरून उठले. “दारू पेणारा बाप चालन नाही, सर. त्यापरीस मेलेला बरा.”

सरांनी पेन उचललं. यापेक्षा चांगली कल्पना त्या कार्यालयात त्या हंगामात कोणी मांडली नव्हती.

खुशबू म्हणाली, “बाबा, नको. मी दुसरीकडे फॉर्म भरते.” जानरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर ती जागा लिहिलेली होती. ते पुन्हा खाली बसले आणि म्हणाले की कागदावर मरायला काय लागतं, लिहा. सरांनी लिहायला घेतलं : प्लांटमध्ये भीषण अपघात. त्यावर मात्र जानरावांनी सरांचा हातच धरला. त्यांच्या मिलच्या दारावर फलक आहे, ‘शून्य अपघात’. तो फलक टिकवण्यासाठी त्यांनी हेल्मेट न घालणाऱ्यांशी भांडणं घेतली होती, सख्ख्या साडूला गेटवरून परत पाठवलं होतं.

“मी मरायले तयार हाव,” ते म्हणाले, “पण ड्युटीवर नाही. वीकली ऑफ टाका.”

त्याप्रमाणे जानराव वीकली ऑफला, दुपारच्या जेवणानंतर, हृदयविकारानं वारले. शालूताईंनी मंजुरी दिली ती एका अटीवर. नवरा गेला असं लिहायचं तर लिहा, पण गळ्यातले काळे मणी मी काढणार नाही. सरांनी याचा स्वतंत्र परिच्छेद केला : रूढी झुगारणारी आई. शब्दमर्यादेत तो बसेना म्हणून स्टोअरची सगळी हकिगत काढावी लागली. लटपटणारे पाय तेवढे राहिले, ते आता अंत्यविधीला लटपटत होते.

निबंध पसंत पडला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. जानराव दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेले, खिडकीशी उभे राहिले, गाडी हलली तसे दोन पावलं चाललेही. मुलाखतीत तीन प्राध्यापक होते. त्यातल्या बाईंनी हळुवारपणे विचारलं की वडिलांचं शेवटचं वाक्य आठवतं का. खुशबूला खोटं सुचेना. वडिलांचं शेवटचं म्हणावं असं वाक्य तिच्यापाशी एकच होतं, आदल्या दिवशी खिडकीतून ऐकलेलं. ते तिनं सांगितलं : “भाजी आंबट लागली तं फेकून देजो, पोटात घालू नको.”

बाईंनी चष्मा पुसला. दुसरे प्राध्यापक म्हणाले की तोटा वेळीच ओळखून सोडून देणं, हे सूत्र शिकवायला आम्हाला एक सत्र लागतं.

बाहेर आल्याबरोबर खुशबूनं घरी फोन लावला. “बाबा, काहीतरी बोल ना.” जानरावांनी विचारलं, काय बोलू. “काहीही. बस, बोलत राह.” ते बराच वेळ बोलले. नळाचं पाणी गेलं आहे, टिकारामच्या स्कूटरची किक बसून राहिली, आईनं चवळीची भाजी केली. ती फक्त ऐकत होती आणि मध्येमध्ये नाक पुसत होती.

निवड झाली. उद्घाटनाला पालकांना निमंत्रण होतं, म्हणून शालूताई पुढे बसल्या आणि जानराव ‘मोठे मामा’ या नात्यानं सभागृहाच्या मागच्या भागात बसले. मागे सगळे पुरुषच होते. शेजारच्या कडक इस्त्रीच्या गृहस्थांनी ओळख काढली. तेही मामाच निघाले. त्यांच्या पलीकडचे काका होते, त्यांच्या पलीकडे पुन्हा मामा. प्रत्येकाचं नाक मात्र पुढे बसलेल्या एकेका विद्यार्थ्याच्या तोंडावर होतं.

“मुलाचे वडील कशानं गेले?” जानरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

“पुरात,” गृहस्थ म्हणाले. “आपल्याकडे?”

“हार्ट. वीकली ऑफला.”

“म्हणजे फार त्रास झाला नाही,” गृहस्थ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता.

संचालक बोलायला उठले. अशी तुकडी संस्थेच्या इतिहासात झाली नाही, इथल्या जवळपास प्रत्येकानं पितृछत्र हरपूनही हार मानलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. दिवंगत पित्यांसाठी सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी, अशी त्यांनी विनंती केली. पुढे मुलं आणि आया उभ्या राहिल्या. मागे सगळे दिवंगत पिते उभे राहिले आणि त्यांनी माना खाली घातल्या.

जानरावांनी ती दोन मिनिटं आपल्या बापाला दिली. गोटे फोडणाऱ्या त्या माणसाला निबंधात एक ओळही मिळाली नव्हती, आणि त्या अख्ख्या सभागृहात जानरावांच्या माहितीतला खरोखर मेलेला बाप तेवढा एकच होता.

आपल्याही घरात यंदा कोणी असाच अर्ज भरत असेल. ते हल्ली आपली तब्येत विचारत असेल, जेवताना आपल्याकडे जरा जास्तच वेळ बघत असेल. भारावून जाऊ नका. त्याला फक्त ठरवायचं आहे, कशानं.