किसनरावांचे स्वच्छ पाय

"बाबा, पाय धुवायचे नाहीत," असं पिंकीनं किसनरावांना चारदा बजावलं होतं. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला माणसाच्या कातडीवरचे गदेच्या आकाराचे कोरिनेफॉर्म जिवाणू वाढवून दाखवायचे होते, नाहीतर वर्ष बुडालं. आणि दिवसभर लाइनमनच्या बुटात उकडलेल्या पायांइतकी हमखास जागा अख्ख्या अमरावतीत नव्हती. तिनं बाबांच्या बोटांच्या बेचक्यांतून कापसाचा बोळा फिरवला, जंतू वाढवायच्या प्लेटवर त्याच्या रेघा ओढल्या आणि प्लेट कॉलेजात उबवायला ठेवली.

परीक्षेच्या दिवशी पाहते तर प्लेट कोरी करकरीत! तिनं तिथूनच फोन लावला.

"बाबा, खरं सांगा, पाय धुतले होते?"

"मंग? अकोल्याचे साहेब पाहतीन म्हने. तसेच घानेरडे देऊ का? फिनाइलनं घासले. इज्जतीचा सवाल हाय, पोरी!"

"अवो, मी चारदा नाही म्हटलं ना!"

"मले वाटलं, लाजून म्हनून राहिली."

पिंकीला रडूच फुटलं. अकोल्याहून भर उन्हात एसटीनं आलेले परीक्षक जवळच उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं उजवा बूट काढला. शेजारच्या टेबलावर परीक्षा देणारा किशोर लगबगीनं खिडकीकडे गेला.

"घे नमुना," सर म्हणाले. "परीक्षेला उद्याचा दिवस आहे अजून."

दुसऱ्या दिवशी प्लेट गच्च भरली होती. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळी दांडकी दिसत होती, एका टोकाला फुगलेली, दोन-दोन कोन करून टेकलेली.

"आता कूळ सांग यांचं," सर म्हणाले.

"ग्राम-पॉझिटिव्ह, बीजाणू नाहीत. पण नुसत्या तोंडावळ्यावरून नेमका कोण ते नाही सांगता येत, सर. सारे भाऊ सारखेच दिसतात. साखरेच्या चाचण्या लावाव्या लागतील."

"धोक्याचे आहेत?"

"घटसर्पवाला यांचाच भाऊबंद. पण कातडीवरचे हे बहुतेक गरीब असतात, सर. फक्त वास मारतात."

सर खोकले. "शाब्बास. पास आहेस तू."

फाटकाशी किसनराव स्कूटर घेऊन ताटकळत होते.

"पास झाली, बाबा!"

"वा रे माही वाघीन! अन् जंतू कोनाचे?"

"सरांच्या पायाचे."

किसनरावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"तीस वर्सं बूट घातले मी," ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "अन् मान भेटला त्यायले! पुढच्या परीक्षेले माहेच नेजो. आजपासून पाय धुनं बंद!"