डोक्याचं इंजेक्शन गुडघ्याला

एक गोष्ट आधीच कबूल करतो. माझ्या डाव्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. बावन्न वर्षं त्याने निमूट काम केलं, जिन्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आज तो दुखतो आणि त्याला जबाबदार माझं डोकं आहे. (आतलं आणि बाहेरचं, दोन्ही.)

झालं असं की आमच्या साहेबांना कॅमेरे बसवायची हुक्की आली. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात चार नंबरच्या खिडकीवर बसतो. साहेबांनी प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर एकेक कॅमेरा टांगला आणि पडदा लावला थेट रांगेसमोर, म्हणजे आम्ही काम करतो याची लोकांना खात्री पटावी. पहिल्याच दिवशी मी मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं, तर माझ्या खुर्चीत कुणी भलताच म्हातारा! मी मान हलवली, त्यानेही हलवली. तेवढ्यात रांगेतल्या एक बाई दुसरीला म्हणाल्या, "चार नंबरला जा. ते टक्कलवाले आहेत ना, ते पटकन दाखला देतात."

बावीस वर्षं पटकन दाखले दिल्याचं हे बक्षीस! त्याच संध्याकाळी मी घरी जाताना वाट वाकडी केली आणि 'आपल्याच रक्तातून आपलेच केस' अशी पाटी असलेल्या दवाखान्यात शिरलो.

दवाखान्याची रचना सोपी होती. मधे एक हॉल, डावीकडच्या दारात हाडांचे डॉक्टर, उजवीकडच्या दारात त्वचा आणि केसांच्या डॉक्टरीणबाई. मधोमध एक सिस्टर आणि मिक्सरएवढं गरगर फिरणारं यंत्र. दंडातून रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, वर जो पिवळा द्रव येतो तो इंजेक्शनने हवा तिथे टोचायचा. त्यात म्हणे दुरुस्तीचा माल असतो. डाव्या दारात तो गुडघ्याला टोचतात, उजव्या दारात डोक्याला नाहीतर चेहऱ्याला. याला पीआरपी म्हणतात.

आता यात लपवण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. दोनच महिन्यांपूर्वी बायकोने हीच पीआरपी चेहऱ्याला करून घेऊ का, असं मला विचारलं होतं. तेव्हा मी सोफ्यावर मांडी ठोकून पाऊण तास भाषण दिलं होतं. "स्वतःचं रक्त काढून स्वतःच्याच तोंडाला टोचून घ्यायचं? वय झालं की ते मान्य करावं!" बिचारीने तो विषयच सोडून दिला. त्या भाषणानंतर मी केसांसाठी तेच करतोय हे तिला कळलं असतं, तर मला उरलेलं आयुष्य जेवताना मीठ मागायचीही सोय राहिली नसती. काहीही होवो, तिला कळता कामा नये, एवढंच मी ठरवलं.

आणि मग फॉर्म भरला. व्यवस्थित भरला. फक्त मोबाइलच्या रकान्यात बायकोचा नंबर लिहिला.

मुद्दाम नव्हे हो! गॅस, बँक, शाळा, कुरिअर, कुठलाही फॉर्म आला की माझा हात आपोआप तिचाच नंबर लिहितो. माझ्या फोनवर आलेला निरोप वाया जातो असं तिचं मत आहे. (मत बरोबर आहे.) मी घरी पोचायच्या आत निरोप पोचला होता.

"अहो, हे काय? 'आपली पीआरपी शनिवारी दहा वाजता. भरपूर पाणी प्या.' हे तेच ना, रक्ताचं?"

"कुठे? बघू? अच्छा, हे... हे गुडघ्याचं."

"कुणाच्या गुडघ्याचं?"

"माझ्याच की! किती दिवस दुखतोय. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही."

तोंडातून निघून गेलं आणि मी फसलो. कारण बायकोचे डोळे भरून आले. "एवढं सहन केलंत आणि मला सांगितलंही नाहीत?" ती म्हणाली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खरं सांगून टाकावं असं मनात आलं, पण तेवढ्यात ती शेकाची पिशवी आणायला उठली, आणि शेक मला आवडतो.

पुढचा आठवडा मी लंगडलो. लंगडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही, कारण पाय कोणता ते लक्षात ठेवावं लागतं. ऑफिसातून येताना मी साधा चालायचो आणि फाटकाशी येऊन सुरुवात करायचो. एकदा घाईत उजव्या पायाने सुरुवात केली. तरी बायकोने भाजीची पिशवी हातातून काढून घेतली आणि स्टूलवर चढून माळ्यावरचे डबे स्वतः उतरवले. इथवर ठीक होतं. पण सासूबाई आमच्याकडेच राहतात.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची त्यांची सवय मात्र निवृत्त झालेली नाही. त्यांचे गुडघे खरोखर दुखतात. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही जाताच आहात तर मीही येते." बायकोने लगेच दवाखान्यात फोन केला आणि त्याच नंबरवर, त्याच फाइलमध्ये आईचं नाव घालायला सांगितलं. तिथे एका नंबरला एकच फाइल असते. म्हणजे फाइलमध्ये आता दोन पेशंट झाले, एक केसांचा आणि एक गुडघ्यांचा. हे ज्याला ठाऊक होतं, तो तोंडावर बोट ठेवून बसला होता.

शनिवारी आम्ही तिघं हॉलमध्ये. सिस्टरने आधी माझं रक्त काढलं, मग सासूबाईंचं, नळ्यांवर नावं चिकटवली आणि यंत्र सुरू केलं. मग फाइल उघडून म्हणाल्या, "एक केस, एक गुडघा. गुडघा कुणाचा?"

"यांचा!" 'गुडघा' एवढंच ऐकून बायको म्हणाली. "बघा ना, धड उभंही राहवत नाही."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. (मी लंगडा उभा होतो. उभ्यानेही लंगडता येतं, हे मला आठवडाभरात समजलं होतं.) मग सासूबाईंच्या पांढऱ्या, विरळ अंबाड्याकडे पाहिलं. झालं! हिशोब जुळला. "सर, तुम्ही डावीकडे. आजी, तुम्ही उजवीकडे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. केसांचा पेशंट मी आहे असं म्हणायला तीन सेकंद लागले असते. पण शेजारी बायको माझा दंड धरून उभी होती. मी डावीकडे गेलो, ती मागोमाग आली.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, पिरगळला. "आई गं" कुठे म्हणायचं हे न कळल्यामुळे मी सगळीकडे म्हणालो.

"विशेष काही वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा माझ्या गुडघ्यापेक्षा बरा आहे."

माझा जीव भांड्यात पडला. "मग राहू द्या डॉक्टर!"

"राहू द्या काय?" बायको उसळली. "डॉक्टर, हे आठवडाभर लंगडतायत. परवा तर उजव्या पायानेही लंगडत होते, इतकं दुखणं पसरलंय! तुम्ही यांचं ऐकू नका, हे सहन करत बसतात."

"एवढा त्रास असेल तर देऊ या," डॉक्टर म्हणाले. "स्वतःच्याच रक्तातलं आहे. दोन दिवस ठणकेल फक्त."

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी शाळेत वाचली होती. पखालीला काय वाटत असेल याचा विचार केला नव्हता. सुई आत गेली तेव्हा मी या वेळी मनापासून "आई गं" म्हणालो.

बाहेर आलो तर सासूबाई टाळूवर कापूस दाबून बाकावर बसलेल्या.

"अगं आई, डोक्याला काय झालं?"

"काही नाही. बाईंनी डोक्यात पंचवीस-तीस सुया टोचल्या."

"आणि तू टोचू दिल्यास? गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं नाहीस?"

"मी कशाला शिकवू त्यांना?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "डोकं म्हणजे एक्स्चेंजच की. तिथून जोडतील गुडघ्याला."

बायको सिस्टरवर जाम भडकली. मी तिला हाताला धरून बाहेर काढलं, कारण सिस्टर फाइल उघडायला लागल्या होत्या. सासूबाईंच्या गुडघ्यांना पुढच्या शनिवारी योग्य दारातून इंजेक्शन मिळालं आणि त्या महिन्याभरात जिना चढू लागल्या. माझा गुडघा मात्र सुजला. डॉक्टर म्हणाले, हजारात एखाद्याला असं होतं. (लॉटरीत माझा नंबर कधी लागला नाही.) मी काठी घेतली. आता पाय लक्षात ठेवावा लागत नव्हता, पायच आठवण करून द्यायचा.

पण चार महिन्यांनी सासूबाईंच्या भांगात बारीक काळी लव दिसू लागली. बायकोने चष्मा लावून ती तीनदा पाहिली आणि मग माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली, "अहो, तुम्हीही का नाही करून घेत?"

मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. (एकाच पायावर का होईना.) ज्यासाठी मी खोटं बोललो, सुई खाल्ली, काठी घेतली, ते बायको स्वतःहून सुचवत होती! मी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि तिसऱ्या दिवशी बायकोसोबत उजव्या दारात हजर झालो.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून डोकं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मूळ जिवंत असेल तर जागं करता येतं," त्या म्हणाल्या. "आजींची मुळं जिवंत होती. तुमच्याकडे मुळंच नाहीत. टोचून काही उपयोग नाही." मग कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "पण हे मी तुम्हाला चार महिन्यांपूर्वीच सांगितलं असतं. केसांसाठी नाव तर तुम्हीच नोंदवलं होतंत. मग आला का नाहीत?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं.

"म्हणजे गुडघा बरा होता?"

"तेव्हा होता."

"आणि मी शेक देत बसले? माळ्यावर चढले?"

आता आकाश कोसळणार म्हणून मी मान खाली घातली. पण तिने पदर सावरला, पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "यांची वेळ मोकळीच आहे ना? मग माझा चेहरा करून टाका."

"अगं, आणि माझं डोकं?" मी काकुळतीला येऊन विचारलं.

"तुमच्या डोक्याकडे आता बघतंय कोण?" बायको म्हणाली. "लोक पायाकडेच बघतात. उठा, खुर्ची द्या मला. आणि हळू उठा, पडाल!"