गुंजाळबाईंची बॅटरीची सायकल

लग्नाच्या मांडवात शिट्टी फुंकणारी बाई मी आजवर एकच पाहिली आहे. आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. जिलबीच्या टेबलापाशी ही झुंबड उडालेली. कोणी ताट डोक्यावर धरलेलं, कोणाचं वरण दुसऱ्याच्या कोटावर चाललेलं. तेवढ्यात कानठळ्या बसतील अशी शिट्टी वाजली आणि मागून आवाज आला, "एकामागे एक! हातभर अंतर!" नवरदेवाच्या मामासकट सगळे मुकाट रांगेत उभे राहिले. जिलबी तळणारा आचारीसुद्धा झारा खाली धरून सावधान झाला.

या आमच्या गुंजाळबाई. अकोले रस्त्याला, संगमनेरपासून दहाएक किलोमीटरवर आमची शाळा आहे. तिथे मी भूगोल शिकवतो आणि त्या पी.टी. शिकवतात. आम्ही दोघंही संगमनेरात एकाच कॉलनीत राहतो, त्यामुळे जाण्यायेण्याचा रस्ता एकच. त्यांचं नाव कुसुम. पण एवढं नाजूक नाव त्यांना कोणी कशाला ठेवलं असेल, हा प्रश्न शाळेत सगळ्यांनाच पडलेला.

बाईंचं जग एका प्रश्नावर चालायचं. "घाम निघाला का?" मुलगा शंभर मीटर पळून आला की हाच प्रश्न. गणिताचा पेपर देऊन आलेल्या पोरीलाही हाच. एकदा हेडमास्तरांनी जिल्हा परिषदेत दिवसभर बसून शाळेचं एक काम करून आणलं आणि स्टाफरूममध्ये ते मोठ्या अभिमानाने सांगितलं. बाईंनी त्यांच्या कोरड्या कपाळाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "काम झालं, चांगलं झालं. पण घाम काही निघालेला दिसत नाही."

अशा बाईंना चिकुनगुन्या झाला. ताप आठवड्यात गेला, पण दुखणं सांधे धरून बसलं. सकाळी मूठ मिटेना, जिना उतरता येईना. सुट्टी संपवून त्या शाळेत आल्या तेव्हा वजन वाढलेलं होतं आणि चालणं बदकासारखं झालं होतं. मैदानावर खुर्ची टाकून त्या बसल्याबसल्या कवायत घ्यायला लागल्या. शिट्टीत दम तोच होता, पण पोरं आता मागच्या रांगेत गप्पा मारायची. बाईंना ते दिसायचं. उठून तिथवर जाणं मात्र जमायचं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. पोहा, नाहीतर सायकल चालवा.

"पोहा म्हणे!" बाई मला सांगत होत्या. "प्रवरेला पाणी येतं धरणाचं आवर्तन सुटल्यावर. मी काय पाटबंधारे खात्याला विचारून व्यायाम करू?"

मग त्यांनी माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली, तेलपाणी केलं आणि स्कूटी घरी ठेवून सायकलवर शाळेत आल्या. मी स्कूटरवरून मागे होतो. चढावर त्यांचा वेग इतका कमी झाला की शेजारून चाललेली म्हैस पुढे गेली. बाईंनी म्हशीकडे असं काही पाहिलं की मी हसू गिळलं. तरी त्या उतरल्या नाहीत. चार-पाच दिवस हे चाललं. मग एका सकाळी त्या पुन्हा स्कूटीवर दिसल्या.

"काय झालं बाई?"

"जाणं जमतं हो. पण घरी गेल्यावर मी भुईला पडते ती उठतच नाही. संध्याकाळी कामं असतात मला."

मला वाटलं, स्वयंपाकपाणी असेल.

बॅटरीच्या सायकलची कल्पना आमच्या विज्ञानाच्या सरांनी काढली. बाईंनी ती ताबडतोब फेटाळली. "बॅटरी लावून व्यायाम? ही तर कॉपी झाली!" पण कल्पना डोक्यातून जाईना. रविवारी त्या मला सोबत घेऊन दुकानात गेल्या. दुकानदार तरुण आणि उत्साही होता.

"मॅडम, पायडल मारायचंच काम न्हाई. नुसता एक्सलेटर पिळायचा."

"मग देवाने पाय कशाला दिलेत?" बाईंनी सायकलभोवती एक फेरी मारली. "मला एकच सांगा. घाम निघतो का?"

"अजिबात न्हाई मॅडम! ग्यारंटी!"

बाई वळल्या आणि चालू लागल्या. दुकानदाराला आपलं काय चुकलं ते कळेना. मी त्याला खुणेने समजावलं, तसा तो पायऱ्या उतरून मागे धावला. "निघतो मॅडम, निघतो! बटन एकवर ठेवलं तर लई निघतो!"

त्याने मग नीट सांगितलं. एक्सलेटरला हातच लावला नाही तर मोटर आपणहून चालत नाही. पायडल मारलं तरच ती जोर लावते. बटण एकवर ठेवलं तर थोडा, तीनवर ठेवलं तर भरपूर. बाईंनी भुवई उंचावून ऐकून घेतलं. "म्हणजे पाय थांबले की मोटर थांबते?"

"व्हय."

"मग ही कॉपी नाही. ग्रेस मार्क आहेत." बाईंनी एक पायडल हाताने फिरवून पाहिलं. "पण ग्रेसने पास झालेलं पोरगं पुढे टिकतं का, ते बघावं लागेल."

शाळेच्या बाई सायकल वापरताहेत म्हटल्यावर जाहिरात होईल, या हिशेबाने दुकानदाराने ती वापरून बघायला दिली.

पहिल्याच दिवशी बाई चहाच्या टपरीपाशी उतरल्या आणि उतरताना एक्सलेटर हातात पिळला गेला. सायकल उधळली. हँडल न सोडता बाई तिच्यामागे पळत गेल्या आणि दोघी मिळून कडब्याच्या गंजीत शिरल्या. टपरीवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, नव्या जनावराचं दावं आखूड धरावं लागतंय." बाईंनी केसांतला कडबा झटकला. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी एक्सलेटर काढून टाकायला लावला.

मग हेडमास्तरांशी गाठ पडली. बाईंनी स्टाफरूममध्ये बॅटरी चार्जिंगला लावली होती.

"बाई, शाळेची वीज खासगी वाहनाला वापरता येणार नाही."

"सर, तुमच्या टेबलावर मोबाईल चार्ज होतोय तो शाळेचा आहे का?"

हेडमास्तरांनी मोबाईल काढून घेतला. बाईंनी बॅटरी काढली नाही. शेवटी असं ठरलं की बॅटरी घरीच चार्ज करायची आणि शाळेत अगदी अडचण असेल तेव्हाच.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. सकाळी येताना बाई बटण एकवर ठेवायच्या, घामाघूम होऊन पोचायच्या. संध्याकाळी शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्या की बटण थेट तीनवर. उसाच्या ट्रॅक्टरला मागे टाकत भुर्रकन निघून जायच्या. मी एकदा चिडवलं, "काय बाई, संध्याकाळी ग्रेस जरा जास्तच घेता?" त्या हसल्या नाहीत. "सर, तुम्ही भूगोल शिकवा," एवढंच म्हणाल्या.

त्याच सुमारास मैदानावर एक नवा प्रकार सुरू झाला. बाई गोलपोस्ट धरून उठाबशा काढायच्या. मग कबड्डीच्या पोरींना रांगेत उभं करून एकेकीला कमरेला धरून उचलायच्या. आधी पाचवीतली बारकी पोर, मग सहावीतली. पोरी खिदळायच्या. सातवीतल्या एका धष्टपुष्ट पोरीपाशी येऊन बाई थांबल्या, खोल श्वास घेतला, तिला जेमतेम जमिनीपासून सुटं केलं आणि खाली ठेवलं. "तू महिनाभराने," असं तिला बजावलं. आम्ही स्टाफरूमच्या खिडकीतून बघत होतो. बाईंना कुस्तीची टीम काढायची असेल, असा आमचा अंदाज होता.

मग एका रात्री वीज गेली ती सकाळीच आली. बाईंची बॅटरी अर्धीच भरली, आणि त्या दिवशी नेमकी शाळेतही वीज नव्हती. परतताना, अर्ध्या रस्त्यातच बॅटरी संपली. बॅटरी गेली की ती सायकल म्हणजे लोखंडाचा ढीग. त्यात समोरून वारं. मी स्कूटर थांबवली. "बाई, सायकल टपरीवर ठेवा, मी सोडतो तुम्हाला."

"तुम्ही पुढे व्हा."

"अहो, सांधे परत धरतील."

"पुढे व्हा म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या नाहीत. फोन लागेना. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं एका कॉलनीत राहूनही मी त्यांच्या दारापलीकडे कधी गेलो नव्हतो. त्या कोणाला आत बोलवायच्या नाहीत. दार उघडलं त्यांच्या मुलाने. अमोल, पुण्यात नोकरी करतो. "बरं झालं सर, तुम्ही आलात. तुम्ही तरी आईला समजवा."

आतल्या खोलीत एका कॉटवर सत्तरीच्या पुढची एक बाई उशीला टेकून बसली होती. खाली सतरंजीवर गुंजाळबाई पाय लांब करून पडलेल्या. गुडघ्यांवर गरम पाण्याच्या पिशव्या.

"या आमच्या वन्सं," पडल्यापडल्याच बाई म्हणाल्या. "शालनअक्का. माझी नणंद."

अक्कांना लहानपणीच पोलिओ झालेला. दोन्ही पाय कामाचे नाहीत. लग्न झालं नाही, भावाकडेच राहिल्या. भाऊ गेला, तेव्हापासून या घरात या दोघीच. मला हे सगळं अमोलने ओट्यावर आणून सांगितलं. घराचा उंबरा उंच आहे, चाकाची खुर्ची निघत नाही. आई रोज सकाळ-संध्याकाळ आत्याला उचलून ओट्यावर आणायची आणि परत न्यायची. आजारपणानंतर ते बंद पडलं. शेजारची बाई अंघोळीपुरती मदत करते, पण ती तरी एवढं वजन कशी उचलणार? तेव्हापासून आत्या त्या खोलीतच.

"पुण्यात एक चांगली संस्था बघितलीय," अमोल म्हणाला. "आत्याची सोय होईल, आई माझ्याकडे राहील. मी काही वाईट सांगतोय का सर? उचलताना पडल्या तर दोघी मोडतील. परत उचलून दाखवते म्हणून आईने दिवाळीपर्यंत मुदत मागितलीय. आणि आज ही अशी पडलीय."

तो वाईट काहीच सांगत नव्हता. मी आत गेलो आणि समजावण्याच्या सुरात म्हणालो, "बाई, अमोल म्हणतोय त्यात तथ्य आहे."

बाई कोपरावर उठून बसल्या. "सर, मी पोरांच्या टीम घेऊन जिल्हाभर फिरले. राहाता, कोपरगाव, पार नगरपर्यंत. आठ-आठ दिवस घरी नसायचे. तेव्हा या अमोलला कोणी वाढवलं? यांनी. कॉटवर बसून याला जेवू घातलं, पाढे शिकवले, रडला तर मांडीवर घेतलं. आता यांना संस्थेत ठेवू?"

"कुसुम, जाऊ दे गं," कॉटवरून अक्का म्हणाल्या. "मी ऱ्हाईन तिकडं. मला काय, हितं भिंत, तिथं भिंत."

"तुम्ही गप्प बसा वन्सं!" बाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "स्कूटीने अंगात ताकद येत नव्हती. साधी सायकल अंगातलं सगळं काढून घ्यायची, घरी आल्यावर यांना उचलायच्या सरावाला काही उरायचंच नाही. ही बॅटरीवाली सकाळी राबवून घेते आणि संध्याकाळी मला ताजी घरी आणून सोडते. काल तेवढी दगा देऊन गेली. सायकल मी घेणार आहे. आणि दिवाळी अजून यायचीय."



बाईंनी सायकल विकत घेतली. तिसऱ्या दिवशी शाळेत हजर, बटण एकवर. घरची वीज गेली तर पंचाईत नको म्हणून हेडमास्तरांनी आपणहून आपल्या टेबलाजवळचा प्लग त्यांना दिला, कारण मी त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं. महिनाभराने सातवीतली ती धष्टपुष्ट पोर गुडघ्याएवढी वर गेली आणि मैदानावर टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. "आता नववीची कोण आहे?" म्हणून रांगेकडे वळल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अमोलने मला बोलावलं. दारात त्याची गाडी उभी होती, मागची सीट आडवी करून त्यावर गादी घातलेली. तो काही हट्टाने आला नव्हता. आईला जमणार नाही, अशी त्याची खात्री होती, एवढंच. ओट्यावर बाईंनी आधीच एक वेताची खुर्ची मांडून ठेवली होती.

"बाजूला व्हा दोघं," बाई म्हणाल्या. पदर खोचला. कॉटशी वाकून एक हात अक्कांच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला. अक्कांनी त्यांच्या मानेला मिठी मारली.

"पाडशील गं मला."

"गप्प बसा. श्वास धरू नका."

बाई उठल्या. अर्ध्यावर त्या अडल्या. अमोल पुढे झाला, पण त्यांनी नुसतं डोळ्यांनी त्याला जागेवर थांबवलं. मग त्या ताठ झाल्या आणि चालायला लागल्या. खोली, मधलं दार, उंबरा. उंबऱ्याशी त्या क्षणभर थांबल्या, पायाने चाचपून पलीकडे पाऊल टाकलं. ओट्यावर येऊन त्यांनी अक्कांना खुर्चीत ठेवलं, कोणी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतं तसं हळू. त्यांची निरी सारखी केली, पाय उचलून पाटावर ठेवले. मग भिंतीला टेकून त्या उभ्या राहिल्या. 

अक्का रस्त्याकडे बघत होत्या. समोरच्या घराला नवा रंग लागला होता. कोपऱ्यावरचं लिंबाचं झाड कोणी तरी छाटलं होतं. हे सगळं त्या परगावाहून आल्यासारखं नीट बघून घेत होत्या. दिवाळीनंतरचं सकाळचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं.

अमोलने गाडीची किल्ली खिशात टाकली आणि खुर्चीशी उकिडवा बसला. "आत्या, ऊन लागतंय का? खुर्ची सावलीला घेऊ?"

अक्कांनी डोळे मिटून घेतले.

"लागू दे रे," त्या म्हणाल्या. "लई दिवसांनी लागतंय."